मिल जाम आणि जॅम सेशन

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "तुमच्या कामाबद्दल लिहा." तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की, यांना माझ्याकडून नेमकं काय काढून घ्यायचंय? दोन दिवस मी होकार दिला नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, रिटायर माणसाकडून कोण काय काढून घेणार? लिहा की." तेव्हा बसलो. हा संशयीपणा घरातून आलेला नाही. माझे वडील तीर्थपुरीकडच्या रानात मेंढरं राखायचे आणि वाटेत भेटलेल्या कुणाच्याही भरवशावर कळप सोडून झाडाखाली जेवायला बसायचे. संशय घ्यायला मला लोखंडानं शिकवलं.

मी रोल टर्नर होतो. जालना एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमध्ये तेहतीस वर्षं. कोणत्या मिलमध्ये ते लिहीत नाही. मालक हयात आहेत आणि वाचतात.

घराच्या स्लॅबमध्ये जी सळई घालतात ती कशी होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. भट्टीत लोखंडाची जाड कांडी लाल करतात. मग ती दोन फिरत्या रुळांच्या मधून काढतात, चरकातून ऊस काढावा तशी. असे रुळांचे जोड एकामागे एक लावलेले असतात. प्रत्येक रुळावर खाच कोरलेली असते. एक खाच अंड्याच्या आकाराची, पुढची गोल, त्यापुढची पुन्हा अंड्यासारखी. प्रत्येक खाचेतून जाताना कांडी बारीक आणि लांब होत जाते आणि शेवटच्या जोडातून सळई बाहेर पडते ती पळत्या माणसापेक्षा जल्दी. त्या खाचा लेथवर कोरायच्या, झिजल्या की पुन्हा कोरायच्या, हे माझं काम. खाच बरोबर आहे का हे बघायला पत्र्याचा कापलेला फर्मा असतो. फर्मा खाचेत बसवायचा, मागे दिवा धरायचा आणि फटीतून उजेड येतो का बघायचा. केसाएवढा जरी उजेड आला तरी पुढं जाऊन तो कुणाच्या तरी अंगावर निघतो.

अंगावर निघतो हे शब्दशः. खाच चुकली, सळईला खाचेत सरळ धरणारा मधला गाईड ढिला पडला किंवा लोखंड थंड झालं, तर लाल सळई आपला रस्ता सोडते आणि वर उसळते. मागून भट्टीतली कांडी ढकलतच असते, त्यामुळे बघता बघता शेडमध्ये लाल तारेचं जाळं होतं. इंजिनिअर लोक त्याला कॉबल म्हणतात. आम्ही म्हणायचो, मिल जाम झाली.

हे काम मला कुणी शिकवलं नाही. माझे उस्ताद, हमीदभाई, खाच कोरताना भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. त्यांची मापांची वही सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. मी सात वर्षं त्यांच्या हाताखाली होतो आणि त्या सात वर्षांत मी त्यांची पाठच जास्त पाहिली. जे शिकलो ते लेथखालचा चुरा बघून, आवाज ऐकून आणि ते नमाजाला गेले की फर्मे हाताळून. म्हणून माझ्याकडं जेव्हा वही झाली, तेव्हा मीही तिला कुलूप घातलं. वाईट वाटलं नाही. ज्ञान दिलं की गरज संपते आणि गरज संपली की माणूस गेटाबाहेर, हा हिशोब एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक होता.

माझा एक लौकिकही होता. "मिस्त्रीचे रोल जास्त दिवस चालतात," असं मॅनेजर बाहेरच्यांना सांगायचे. त्या वाक्यानं माझी छाती फुगायची. या लौकिकाचं पुढं काय झालं तेच सांगायला बसलोय.

रिटायर व्हायला तीनेक वर्षं राहिली असताना आमच्या मिलला जामची बाधा झाली. बारीक सळई लावली की शेवटच्या जोडाजवळ हटकून मिल जाम व्हायची. आठवड्यातून एखाद्या वेळी होणारी गोष्ट एका पाळीत तीन-तीनदा व्हायला लागली. मी म्हणायचो, गाईड ढिले आहेत. गाईड बसवणारा काकडे म्हणायचा, भट्टी नीट तापत नाही. भट्टीवरचा रामसूरत, बिहारकडचा माणूस, हात जोडून म्हणायचा, "हमारा माल बराबर लाल है, आगे देखिए." आम्ही तिघं एकाच टपरीवर चहा प्यायचो आणि एकमेकांकडं चोरासारखं बघायचो.

मग शेषराव भाजला.

शेषराव आष्टीचा. शेवटच्या जोडावर तो उभा राहायचा. तीन एकर जमीन भावाकडं वाट्यानं देऊन मिलमध्ये आलेला, कमी बोलणारा, कामाला पक्का. सकाळची पाळी होती. सळई उसळली, त्याच्या मांडीला वेढा घालून गेली आणि तो जोरात ओरडलाही नाही, नुसता "मिस्त्री" म्हणाला. मी दहा पावलांवरच होतो. माझंच नाव का घेतलं, हे तेव्हा मला सुचलं नाही. त्याला उचलून आम्ही टेम्पोत घातलं. मांडी आणि पोटरी मिळून बरीच भाजली होती. पाय वाचला.

पंधरा दिवसांनी मी आणि काकडे त्याला बघायला दवाखान्यात गेलो. काकडे बाहेर डॉक्टरांशी बोलत होता तेव्हा मी शेषरावला हळूच म्हणालो, "गाईड ढिला होता रे. काकड्याचं काम." शेषराव छताकडं बघत राहिला. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे.

त्याच महिन्यात शेठजींच्या मुलीनं मिलचा कारभार हातात घेतला. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. बाहेरून शिकून आल्या होत्या, हेल्मेट घालून शेडमध्ये फिरायच्या आणि नावानं हाक मारायच्या. मला तेच खटकायचं. तेहतीस वर्षांत ज्या साहेबानं माझं नाव आधी पाठ केलं, त्यानं नंतर काहीतरी मागितलंच होतं.

एका सोमवारी बोर्डावर कागद लागला. मंगळवारी मिल बंद असते, त्या दिवशी सगळ्यांनी कँटीनच्या शेडमध्ये यायचं, 'जॅम सेशन' आहे. काकडेनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "जाम तर रोजच होऊन राह्यला की! त्याचं सेशन कशाला?" सगळे हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, शेषरावच्या अपघाताची चौकशी आहे आणि तिला गोड नाव दिलंय.

मंगळवारी गेलो तर खुर्च्या गोल मांडलेल्या. मधे एक माणूस ढोलांच्या पसाऱ्यात बसलेला, एकजण माणसाच्या उंचीचं व्हायोलिनसारखं वाद्य उभं धरून आणि एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ गळ्यात पितळी बाजा अडकवून. पुण्याहून ट्रेनर आले होते. कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा होता, त्याच्यावरचा लाल ठिपका चालू. मी बरोबर कॅमेऱ्याच्या मागची खुर्ची धरली.

ट्रेनर म्हणाले, "मित्रांनो, इथं कुणी साहेब नाही, कुणी कामगार नाही. हे जॅझ संगीत आहे. यांच्यासमोर कागद नाही, यांचा कुणी मास्तर नाही. एक सुरुवात करतो, दुसरा ऐकतो, आपलं काहीतरी त्यात टाकतो. प्रत्येकाला एकट्यानं वाजवायची पाळी येते, तेव्हा बाकीचे त्याला सांभाळतात. एकानं चूक केली तर दुसरा ती उचलतो आणि चुकीचंच गाणं होतं. आपली मिल अशी चालली तर?"

माझ्या शेजारी बसलेला रामसूरत पुटपुटला, "हमारे यहाँ गलती का गाना नहीं, छाला होता है."

ते वाजवायला लागले. सुरुवातीला मला तीन माणसं तीन वेगवेगळ्या भांडणांत आहेत असं वाटलं. मग हळूहळू कान बसला. ते उभं वाद्य होतं ते एकसारखं चाललं होतं, भट्टीच्या ब्लोअरसारखं, आणि त्याच्या जिवावर बाकीचे दोघं हिंडत होते. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? एवढ्यात ढोलवाल्याच्या हातातली काठी निसटून फरशीवर पडली. टक्. पितळी बाजावाल्यांनी तोच 'टक्' उचलला, तसाच तोडून वाजवला, ढोलवाल्यानं उरलेल्या एका काठीनं जवाब दिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत?" ट्रेनर ओरडले. "चुकीचं गाणं!"

मला त्या काठीचाच संशय आला. फार सोयीच्या जागी पडली होती.

मग ट्रेनरनी मुद्द्याला हात घातला. "आता तुमची पाळी. प्रत्येकानं अशी एक गोष्ट सांगायची, जी फक्त त्याला येते. कुणी कुणाचं खोडायचं नाही, फक्त भर घालायची." मी कॅमेऱ्याचा लाल ठिपका बघितला आणि मनात म्हणालो, हे असं आहे तर. कॉम्प्युटरवर चालणारं लेथ येणार अशी कुणकुण होतीच. त्याच्या पोटात घालायला माझी मापं पाहिजेत. माझी पाळी आली तेव्हा मी फर्मा कसा धरायचा एवढंच सांगितलं. ते आयटीआयच्या पुस्तकात असतं. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. काकडेनं सांगितलं की, गाईड एकदम अचूक बसतात. रामसूरतनं सांगितलं की, माल एकदम लाल निघतो. कुणी कुणाचं खोडायचं नव्हतं, त्यामुळे तीनही थापा भर घालून पुढं गेल्या. सेशन संपलं, समोसे आले.

समोसा घेऊन मी गेटाकडं गेलो तर ते पितळी बाजावाले गृहस्थ कडुनिंबाखाली सिगारेट ओढत उभे. नाव लॉरेन्स. मूळचे गोव्याचे, आयुष्य हॉटेलांच्या बँडमध्ये गेलेलं. मराठी तोडकंमोडकं, पण कळत होतं. मी सरळच विचारलं, "साहेब, ती काठी खरंच पडली का?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "कंपनीच्या कार्यक्रमात रोज पडते. पुण्यात पण पडली, नाशिकला पण पडली."

एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. म्हणालो, "म्हणजे सगळं ठरवून. एकमेकांवर भरोसा वगैरे गप्पा."

"नाय नाय," ते म्हणाले. "हे कंपनीवाला आहे. खरा जॅम वेगळा. तिथं भरोसा कुठं? ड्रमवाला कुठं पण जाईल, मला काय माहीत? भरोसा असता तर मी आपलं वाजवून मोकळा झालो असतो. भरोसा नाय म्हणून तर ऐकायला लागतं. पूर्ण कान त्याच्याकडं."

"मंग बाकीचे चुकले तर वळखता कसं?"

लॉरेन्सनी सिगारेट विझवली. "ते सोपं नाय. माझा बाजा सुराच्या थोडा वर चढला असला ना मिस्त्री, तर मला बाकी सगळे बेसूर वाटतात. जवान होतो तेव्हा एका पियानोवाल्याशी मारामारी केली मी. मागून कळलं, चढलेला मीच. आता कुणी बेसूर वाटला की पयला मी माझा बाजा बघतो."

ते समोसा घ्यायला आत गेले. मी तिथंच उभा राहिलो. आपल्याला कुणीतरी उघडं पाडलंय असं मला वाटत होतं आणि पाडणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

कारण एक गोष्ट मी गेले तीन महिने स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती. झिजलेली खाच पुन्हा कोरायची म्हणजे सगळा रूळच थोडा बारीक करावा लागतो, तेव्हा कुठं खाचेचे काठ परत नीट येतात. असं चार-सहा वेळा केलं की रूळ भंगारात. नवीन रूळ यायला उशीर होत होता. माझ्या रुळांचा लौकिक मला टिकवायचा होता. म्हणून शेवटून दुसऱ्या जोडाच्या अंडाकृती खाचेचा मी फक्त तळ साफ केला, काठांची झीज तशीच ठेवली. सळई चालली. कुणाला कळलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उतरवून ठेवलेला तो रूळ लेथवर चढवला, फर्मा बसवला आणि मागे दिवा धरला. दोन्ही काठांना उजेड होता. केसाएवढा नव्हे, चांगला दिसण्याइतका.

पुढच्या मंगळवारी दुसरं सेशन होतं. पुन्हा तीच गोल खुर्च्यांची मांडणी, तोच कॅमेरा. काठी पडली, टाळ्या झाल्या. ट्रेनर म्हणाले, आता जामच्या प्रश्नावर प्रत्येकानं एक कल्पना द्यायची, खोडायचं नाही. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "असं जमणार न्हाई, सर. समद्यांनी कल्पना दिल्या तर आपून इथं वर्षभर समोसे खाऊ. ज्यानं त्यानं आपलं काम कुठं चुकतंय ते सांगायचं. पहिलं मी सांगतो. पण तो कॅमेरा बंद करा."

ट्रेनर म्हणाले, "अहो, हाच तर क्षण रेकॉर्ड व्हायला—"

मॅडम उठल्या आणि त्यांनी स्वतः कॅमेरा बंद केला. लाल ठिपका गेला. तरी मी खात्री करायला दोन पावलं पुढं जाऊन वाकून बघितलं.

मग मी सांगितलं. खाच, काठ, तळ, सगळं. मी खाली बसलो आणि वाटलं, संपलं. तेवढ्यात काकडे खाली मान घालून म्हणाला, "सळई रुंद येऊन राह्यली हे मला कळल्तं. गाईडात अडकत होती. म्हून मी गाईड सैल केले. बोललो न्हाई." मग रामसूरत उठला. भट्टीचं तेल वाचवायला सांगितलं होतं म्हणून तो कांडी थोडी आधीच बाहेर काढत होता. वरून लाल, आतून कमी तापलेली. थंड लोखंड खाचेत जास्त पसरतं, हे या धंद्यातलं पहिलं पान आहे. माझी खाच रुंद, त्यात लोखंड पसरणारं, म्हणून काकडेचा गाईड ढिला, म्हणून आडवी होऊन उसळणारी सळई. तिघांच्या तीन लपवलेल्या गोष्टी एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि शेवटी त्यांचा भार शेषरावच्या मांडीवर पडला होता.

ट्रेनरनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो. लॉरेन्स मात्र आपला बाजा कपड्यानं पुसत बसले होते.

त्या आठवड्यात मी सगळ्या अंडाकृती खाचा पूर्ण कोरल्या, काकडेनं गाईड आवळले, रामसूरतला तेलाची सूट मिळाली. मिल जाम होणं पहिल्यासारखं क्वचितवर आलं. मॅडमनी पेढे वाटले. मीही खुशीत होतो.

तीन आठवड्यांनी मला नोटीस आली. 'आपण जाणूनबुजून सदोष रोल वापरात आणल्याचे निदर्शनास आले आहे, खुलासा करावा.' निदर्शनास कसं आलं? ट्रेनरनी शेठजींना अहवाल पाठवला होता. त्यात एक परिच्छेद होता की, 'एका ज्येष्ठ रोल टर्नरने सर्वांसमोर चूक मान्य केली, हे या पद्धतीचे मोठे यश आहे.' नाव घातलं नव्हतं. मिलमध्ये रोल टर्नर मी एकटाच होतो.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि कागद टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा पडला. "मला खरंच माहीत नव्हतं, मिस्त्री." मी म्हणालो, "तुम्हाला ठाऊक असो की नसो, माझ्यासाठी एकच झालं."

खुलाशाच्या दिवशी काकडे आजारी पडला. रामसूरत मात्र आला. ज्याला ना युनियन, ना गावकी, ज्याला ठेकेदार एका शब्दात घरी पाठवू शकत होता, तो माणूस हिंदीत लिहिलेला अर्धा कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की, माल थंड मी काढत होतो, एकट्या मिस्त्रीला धरू नये. त्या कागदामुळं की मॅडमनी आतून काही केलं म्हणून, माहीत नाही, पण मला नुसती समज देऊन सोडलं. रामसूरतलाही काढलं नाही. ती रेकॉर्डिंगं कुठं गेली हे मला आजही ठाऊक नाही. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरचं लेथ आलं, तरी शेवटच्या जोडांचे रूळ माझ्याच लेथवर राहिले. दोन्हींचा संबंध होता की नव्हता, यावर मी अजून विचार करतो.

पण खरी गोष्ट राहिलीच होती. ती मला आष्टीत कळली.

नोटिशीचं निस्तरल्यावर एका मंगळवारी मी शेषरावकडं गेलो. मनातून जरा अभिमानच घेऊन गेल्तो, की बाबा, मी खरं सांगितलं, नोटीस खाल्ली, आता तुझ्यापुढं ताठ उभा राहू शकतो. तो घरापुढं बाजेवर पाय लांब करून बसला होता. पायावर पातळ धोतराचं फडकं. त्याच्या बायकोनं पाणी आणलं आणि "बसा भाऊजी" म्हणून ती आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मला ठावं होतं, मिस्त्री."

"काय ठावं होतं?"

"सळई तुमच्या जोडातून निघताना आवाज बदल्ला होता. दोन महिने ऐकून राह्यलो होतो. तिथं मीच उभा असतो, मला न्हाई कळणार?"

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुम्हाला?" तो पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलला. "तुमच्या रोलमधी खोट काढायची? कुणी काढली आजपर्यंत?"

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

मग तो म्हणाला, "दवाखान्यात तुम्ही मला सांगितलं, काकड्यानं केलं म्हून. ते मी गिळलं. म्हणलं, माणूस भेलाय. पण मंग काकडे आल्ता परवा. म्हणला, मिस्त्रीनं समद्यांपुढं कबूल केलं, बाजेवाले होते, पुण्याचे साहेब होते. टाळ्या वाजल्या म्हणला." त्यानं फडकं सारखं केलं. "टाळ्या कशाच्या वाजल्या, मिस्त्री? पाय तर माझा होता. आधी इथं यायचं होतं."

आजवर मला साहेबांनी झापलं आहे, उस्तादांनी चिमटा फेकून मारला आहे. पण असं कुणी बोललं नव्हतं. मी हात जोडले. तो म्हणाला, "हात नका जोडू. चहा घ्या." चहा आला, तो त्यानंच आतून लंगडत जाऊन आणला. मी घेतला. त्या चहाची चव मला आठवत नाही.

पाच महिन्यांनी शेषराव कामावर आला. त्याला बसून करायचं हलकं काम देत होते, ते त्यानं घेतलं नाही. मॅडमपुढं त्यानं एकच अट घातली. शेवटच्या दोन जोडांवर नवीन रूळ चढण्याआधी तो स्वतः बघणार. रोल टर्नरचा रूळ सळईवाल्यानं तपासायचा, असं जालन्यात कधी कुणी ऐकलं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणालो. पण त्याला बघायचं म्हणजे माप माहीत पाहिजे, म्हणून कपाटातली वही काढली आणि तीन दुपारी त्याच्या शेजारी बसून एकेक पान समजावून सांगितलं. कॅमेरा नव्हता, ट्रेनर नव्हता. तो मधे मधे विचारायचा, "असंच का?" आणि दोन ठिकाणी मला स्वतःलाच सांगता आलं नाही की असंच का.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत, दोन वर्षांवर काही महिने, माझा प्रत्येक रूळ त्याच्या हाताखालून गेला. तो लंगडत यायचा, माझ्या हातून फर्मा घ्यायचा, दिवा स्वतः धरायचा. चांगलं म्हणून कधी बोलला नाही. फर्मा माझ्या हातात देऊन आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा, तीच त्याची परवानगी. आमच्यात पूर्वीसारखी थट्टा पुन्हा झाली नाही. पण मी कोरायला लागलो की मला तो मागे उभा असल्यासारखा वाटायचा, आणि हात आपोआप हळू चालायचा.

एकदाच त्यानं फर्मा परत दिला नाही. माझे शेवटचे काही आठवडे राहिले होते. रूळ चढवायला क्रेन तयार होती, मिल माझ्यासाठी थांबली होती, मॅनेजर घड्याळ बघत होते. शेषराव वाकून बराच वेळ दिव्याकडं बघत होता. मला राग येऊन राह्यला होता. तेहतीस वर्षं केलेलं काम, मी तीनदा बघून आलेलो.

"डाव्या अंगाला बघा," तो म्हणाला.

मी चष्मा पुसला आणि गुडघ्यावर बसलो. उजेड होता. केसाएवढा.

मी मॅनेजरना सांगितलं, क्रेन मागे घ्या, आणि रूळ परत लेथवर नेला.